ओन्नी लाहतीचा खांदा

नोव्हेंबर लागला की पेल्टोलात माणसं एकमेकांना तब्येत विचारत नसत. 'जागा बघून आलास का?' एवढंच विचारत. जागा म्हणजे हरणाच्या शिकारीला दबा धरून बसायची जागा. मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठावरचं ते लाकूडतोड्यांचं गाव. निम्मी घरं फिनलंडहून आलेल्यांच्या नातवंडांची. शिकारीचा हंगाम सुरू झाला की शाळेला सुट्टी, लाकडाच्या गिरणीला सुट्टी. लग्नाची तारीख कुणी त्या पंधरवड्यात धरलीच, तर नवऱ्याचे मित्र तोंडावर सांगत, "आम्ही नाही येणार बाबा."

अशा गावात ओन्नी लाहतीला मान होता. तसा तो साधा माणूस. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायची सरकारी गाडी चालवायचा, उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवायचा. बोलणं मोजकं, चाल संथ. मान होता तो नेमामुळे. तरुणपणी जत्रेतल्या नेमबाजीत त्याच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि त्याने मारलेलं हरीण कधी चार उड्यांच्या पुढे पळालं नव्हतं.

बंदूक वडिलांची. मात्ती लाहतींनी ती कॅनडात जाऊन मूस मारायचा म्हणून हौसेने घेतली होती. मूस म्हणजे घोड्याएवढं सांबर. कॅनडाला जाणं काही झालं नाही. बंदूक मात्र घरात राहिली. वजनाला हलकी आणि काडतूस भलं दांडगं, त्यामुळे ती उडाली की उलटा धक्का असा बसे की खांद्यावर कुणी घण घातला असं वाटावं. त्यातून दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या, टोकाला पोलादी पट्टी. बाकीच्यांनी हळूहळू आपापल्या बंदुकांच्या दस्त्यांना रबराच्या जाड गाद्या बसवून घेतल्या. धक्का गादीत जिरतो, खांदा वाचतो. मात्तींना ते बघून हसू यायचं. "हा लाहतींचा खांदा आहे, लोण्याचा गोळा नाही," असं ते म्हणायचे. ते गेल्यावर हे वाक्य ओन्नीच्या तोंडी आलं.

कल्ले काकांची रानात एक झोपडी होती. कल्ले हे मात्तींचे धाकटे भाऊ. लाकडी भिंती, लोखंडी शेगडी, बाजूला वाफेच्या स्नानाची खोली. हंगामात सगळे लाहती आणि त्यांचे सोयरे तिथेच मुक्कामाला असत. ओन्नीच्या धाकट्या बहिणीचं, आइलीचं लग्न झालं तेव्हापासून तिचा नवरा वेस्लीही येऊ लागला. वेस्ली दक्षिणेकडचा, शहरात वाढलेला. गावात त्याचं केशकर्तनालय होतं. हात हलका, आवाज मऊ. दारातून आत येताना त्याने बूट झटकले नाहीत असं कधी झालं नाही. त्याच्या बंदुकीला तांबूस रबराची गादी होती.

पहिल्याच वर्षी ओन्नीने ती बघितली आणि भरल्या टेबलावर विचारलं, "काय जावईबापू, उशी आणलीत, पांघरूण विसरलात वाटतं?"

सगळे खो खो हसले. वेस्लीही हसला. "पांघरूण आइलीने दिलं नाही रे," तो म्हणाला. तेव्हापासून झोपडीत त्याचं नाव 'गादीवाला' पडलं. गादी आणखीही तिघा-चौघांच्या बंदुकीला होती, पण नाव चिकटलं ते बाहेरून आलेल्यालाच.

ओन्नीने चाळिशी ओलांडली आणि काहीतरी बिनसायला लागलं. एका हिवाळ्यात बर्फाखाली लपलेल्या दगडावर गाडीचं पातं आदळलं, खांदा दारावर आपटला. तो बरा झाला, पण बरा म्हणजे तितपतच. त्यानंतरच्या सप्टेंबरात बंदूक तपासायला तो जुन्या खडीच्या खाणीत एकटाच गेला. पुठ्ठ्यावर रंगाचा ठिपका काढला, पोटावर पडला आणि गोळ्या झाडल्या. एक ठिपक्याखाली लागली, एक डावीकडे, एक पुठ्ठ्याच्या बाहेरच. त्याने बंदुकीवरच्या दुर्बिणीला शिव्या घातल्या, तिचे स्क्रू आवळले.

मग एक काडतूस फुसकं निघालं. त्याने चाप ओढला आणि नुसतं टिच् झालं. ना आवाज, ना धक्का. तरी बंदुकीची नळी झटकन खाली गेली होती. खांदा पुढे आला होता, मान आखडली होती आणि डोळे घट्ट मिटलेले होते.

तो तसाच पडून राहिला. खोकला येतो तसा शरीराने आपल्या मनाने झटका दिला होता. त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. धक्का बसायच्या आधीच त्याचं अंग घाबरत होतं. त्याने उठून आजूबाजूला पाहिलं. खाणीत कावळ्यांशिवाय कुणी नव्हतं, तरी त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घाईघाईने पुठ्ठा दुमडून त्याने गाडीत टाकला आणि घरी आल्यावर तो चुलीत घातला. हेल्मी, त्याची बायको, सफरचंदं सोलत होती. तिने विचारलं, "कशी चालतेय बंदूक?"

"छान," तो म्हणाला.

खरं तर उपाय साधा होता. दस्त्याला रबराची गादी बसवायची, थोडे दिवस हलक्या काडतुसांवर हात बसवायचा. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारायचं कसं? ज्या तोंडाने वेस्लीला उशी-पांघरूण विचारलं, त्या तोंडाने? ओन्नीने स्वतःची समजूत घातली की हरीण समोर आलं की सगळं आपोआप जमेल.

हंगाम सुरू झाला. एका सकाळी कल्ले काकांनी हाका काढायचं ठरवलं. देवदारांच्या दलदलीतून चौघेजण आरडाओरडा करत येणार, आणि पलीकडच्या जुन्या लाकूडवाटेवर बंदूकवाले बसणार. ओन्नी एका वळणावर आणि त्याच बाजूला हाकेच्या अंतरावर वेस्ली. दोघांच्या नळ्या दलदलीकडे.

हाकाऱ्यांचा आवाज जवळ येत गेला आणि मधूनच एक नर बाहेर पडला. मोठा, मान जाड, शिंगांना सालीचे तुकडे अडकलेले. वाटेच्या कडेला तो क्षणभर थबकला. ओन्नीने खांद्याच्या मागे नेम धरला. चापावर बोट दाबत गेलं. पुढचं त्याला दिसलं नाही, कारण डोळे मिटले होते. त्याची आणि वेस्लीची गोळी जवळजवळ एकदमच सुटली. डोळे उघडले तेव्हा नर डोकं वेडंवाकडं झटकत परत दलदलीत शिरत होता.

बर्फावर रक्त होतं, पण पातळ, लाळेत मिसळलेलं. दाताचा एक तुकडाही सापडला. अंधार पडेपर्यंत माग काढला, मग तो पाण्यात हरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी कल्ले काकांना तो ओढ्यात उभा सापडला. जिवंत होता. खालचा जबडा गोळीने उडाला होता आणि जीभ लोंबत होती. तो पाणी प्यायचा प्रयत्न करत होता आणि त्याला पिता येत नव्हतं. काकांनी एका गोळीने त्याला त्यातून सोडवलं. मग बाकीच्यांना बोलावलं आणि ते त्या जनावराच्या डोक्यापाशी उभे राहिले. काकांचं वय सत्तरीच्या पुढचं.

"हे कुणाचं काम?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना वेस्लीकडे वळल्या. कुणी मुद्दाम वळवल्या असंही नाही. वाऱ्याने गवत वाकावं तशा त्या वळल्या. वेस्लीने ओन्नीकडे पाहिलं. काकांनीही, केवळ रीत म्हणून, ओन्नीकडे पाहिलं आणि विचारलं, "ओन्नी?"

खरं बोलायला तेवढा एकच क्षण होता. ओन्नीला कळत होतं की तो क्षण आहे, आणि तो सरतोय हेही कळत होतं. त्याने ओठ ओले केले आणि म्हणाला, "मी कधी असं मारलंय का, काका?"

खोटं म्हणावं तर त्यात एकही खोटा शब्द नव्हता.

वेस्ली अजून त्याच्याकडेच बघत होता. मग त्याने नजर खाली नेली. "माझीच असेल," तो म्हणाला.

"असेल काय? आहे!" काका कडाडले. "माणसाला डोळे कशाला दिलेत? शहरी माणसाने न्हाव्याची कात्री धरावी. जिवंत जनावर काय गंमत वाटली तुला?" ते आणखीही बरंच बोलले. नंतर त्यांनाच ते आठवायला नकोसं झालं. वेस्ली टोपी हातात धरून ऐकत राहिला. ओन्नी हरणाचे पाय बांधायला वाकला, कारण वाकलं की तोंड दिसत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना वेस्लीशी कुणी फार बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायचंय असं सांगून तो गेला. हंगामात दुकान उघडून उपयोग नसतो, गावात डोकीच नसतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

गाव लहान. गोष्ट डिसेंबरात दुकानापर्यंत पोचली. ओन्नी केस कापायला गेला तेव्हा खुर्चीत गिरणीतला एक लठ्ठ मुकादम बसला होता, गालाला साबण लावून. "वेस्ली, नेम नीट धर हां," तो म्हणाला. "माझा जबडा एकच आहे!"

बाकावरचे दोघे मांड्या थोपटत हसले. वेस्लीने वस्तरा पुसला आणि म्हणाला, "मान जरा वर करा." एवढंच. ओन्नी बाकावर बसला होता. हसावं तर पाप, न हसावं तर लोक बघतील. त्याने तोंड वेडंवाकडं करून काहीतरी केलं. समोरच्या आरशात त्याला स्वतःचंच तोंड दिसलं, आणि त्या आरशात वेस्लीही त्याला बघत होता. ओन्नी उठला, गाडी चालू ठेवून आलोय असं काहीतरी पुटपुटला आणि केस न कापताच बाहेर पडला.

तो विनोद त्या हिवाळ्यात जुना झालाच नाही. आइलीने भावाकडे येणं कमी केलं. नाताळच्या जेवणाला ती आली, वेलदोडा घातलेला गोड पाव घेऊन, पण एकटीच. "त्याला बरं नाहीये," ती म्हणाली आणि ओन्नीकडे न बघता कॉफी ओतू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात ओन्नी बंदूक घोंगडीत गुंडाळून निघाला. गावात बंदूक दुरुस्त करणारा होता, पण ओन्नी दोन गावं टाकून पलीकडे गेला. तिथे ब्रूनो झाद्रा नावाचा म्हातारा होता. बाप इटलीहून तांब्याच्या खाणीत कामाला आलेला, हा बंदुकांत रमलेला. झाद्राने बंदूक हातात घेतली, पोलादी पट्टीवर बोट फिरवलं आणि भुवया वर केल्या. "ही कोण उडवतं?"

ओन्नी वाटेत सगळं ठरवून आला होता. "माझी बायको," तो म्हणाला.

"बायको!" म्हातारा दचकला. "अहो, ही बंदूक आहे की गाढव? बिचारीचा खांदा जागेवर आहे ना?"

"दुखतो म्हणते. गादी बसवा."

"बसवतो. पण गादी इंचभर जाडीची. ती नुसती चिकटवली तर दस्ता लांब होतो, गाल जागेवर बसत नाही. तेवढं लाकूड आधी कापावं लागतं. त्यासाठी बाईंचा हात मोजायला हवा. कोपरापासून चापाच्या बोटापर्यंत. आणाल त्यांना?"

"ती... तिचा हात माझ्याएवढाच आहे."

झाद्राने ओन्नीच्या लांबलचक हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "बरं," तो हळूच म्हणाला. "मग तुम्हीच धरा खांद्याला." त्याने माप घेतलं आणि हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं, असं ओन्नीला वाटलं.

"एक सांगतो," माप लिहून झाल्यावर म्हातारा म्हणाला. "बाईंना सांगा, गादीने धक्का कमी होईल, पण अंगात शिरलेली भीती नुसत्या गादीने जात नाही. चाप ओढताना डोळे मिटत असतील तर दुसऱ्या माणसाने काडतूस भरून द्यायचं. कधी खरं, कधी रिकामं. कुठलं ते सांगायचं नाही. रिकाम्याला नळी हलली की दोघांनाही दिसतं. हलायची थांबेपर्यंत हेच करत राहायचं. पण हे एकट्याने होत नाही हां. भरणारा दुसराच हवा."

बंदूक तिथे ठेवून ओन्नी बाहेर आला. वडिलांचा दस्ता आता करवतीखाली जाणार होता. पण त्याला टोचत होतं ते वेगळंच. दुसरा माणूस आणायचा कुठून?

तो प्रश्न परस्परच सुटला. झाद्राने पत्ता विचारल्यावर ओन्नीने घरचा फोन नंबर देऊन ठेवला होता. काम झाल्यावर झाद्राने फोन लावला आणि तो हेल्मीने घेतला.

ओन्नी घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याशी हात पुसत उभी होती. "तुझ्या त्या माणसाचा फोन होता," ती म्हणाली. "म्हणे, बाई, तुमची बंदूक तयार आहे. खांद्याला आता त्रास व्हायचा नाही." ती हसायला लागली. "मी म्हटलं, अहो, मी आयुष्यात फक्त उंदीर मारलाय, तोही केरसुणीने..."

ओन्नी हसला नाही. तो बुटांची नाडी सोडत होता, ती सुटत नव्हती. हेल्मीचं हसू कमी कमी होत गेलं.

"ओन्नी," ती म्हणाली, "बंदूक कुणाची आहे?"

"माझीच," तो नाडीशी झटत म्हणाला.

"कधीपासून चाललंय हे?"

"गेल्या साली. सप्टेंबरपासून."

हेल्मी खुर्चीवर बसली. तिला हिशेब जुळवायला वेळ लागला नाही. सप्टेंबर, मग नोव्हेंबर. "तो नर," ती म्हणाली. "वेस्लीचा नव्हता तो."

"माझे डोळे मिटलेले होते. मला दिसलंच नाही. त्याचीही लागली असेल."

"तुला तसं वाटतं?"

"नाही," ओन्नी म्हणाला. ते ऐकून त्याचा त्यालाच धक्का बसला.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं. "आइली माझ्याशी धड बोलत नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझंच काही चुकलं. मी तिची दोनदा माफी मागितली, कशाची ते माहीत नसताना."

"कुणाला सांगू नकोस, हेल्मी."

"मी कशाला सांगू? ते तुझं काम आहे." ती उठली. "आणि काडतुसं भरून द्यायची असतील तर मी येईन. त्या म्हाताऱ्याने मला ते सगळं समजावलंय. कारण बंदूक माझी ना!"

ती खरंच आली. रविवारी चर्चमधून परतताना दोघं खडीच्या खाणीत जात. हेल्मी पाठ करून काडतूस भरायची, बंदूक त्याच्या हातात द्यायची आणि बाजूला दगडावर बसायची. तांबूस रबराची ती गादी खांद्याला लागली की मऊ वाटायची, आणि ओन्नीला तो मऊपणाच चावायचा. इतकं सोपं होतं हे. रिकाम्या काडतुसाला नळी खाली गेली की हेल्मी दुसरीकडे बघायची. हरणासाठी मिटलेले डोळे बायकोसमोर मिटताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण ऑगस्ट सरता सरता नळी स्थिर राहू लागली. एकदा टिच् झालं आणि काहीच हललं नाही. हेल्मी म्हणाली, "झालं. आता दुसरं काम कर."

ते दुसरं काम करायला तो वेस्लीच्या दुकानात गेला. दुकानात गर्दी होती. त्याने केस कापून घेतले आणि परत आला. चार-पाच दिवसांनी पुन्हा गेला. या वेळी दुकान रिकामं होतं. वेस्लीने त्याच्या डोक्याकडे बघितलं. "आता काय कापू? कान?"

ओन्नी खुर्चीत बसला. वेस्लीने सवयीने चादर झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधली. हात चादरीखाली अडकले होते, समोर आरसा होता, पळायला वाट नव्हती. "तो नर मी मारला," ओन्नी म्हणाला. "जबडा माझ्या गोळीने गेला. मी डोळे मिटून चाप ओढला होता. मला धक्क्याची भीती बसली होती. आणि काकांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो."

"गप्प नव्हतास," वेस्ली म्हणाला. "तू बोललास."

"हो. बोललो."

वेस्लीने कात्री उचलली, परत ठेवली. "मला माहीत होतं."

ओन्नीने आरशात वर पाहिलं.

"माझी गोळी त्याच्या पुढच्या देवदाराला लागली. साल उडताना मी बघितली. माझे डोळे उघडे होते, ओन्नी."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? लाहतींच्या झोपडीत, लाहतींच्या काकांपुढे, ओन्नी लाहती चुकला म्हणू? कुणी ऐकलं असतं?" त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "शिवाय मला वाटलं, तू सांगशील. तिथे सगळ्यांपुढे नाही, पण जेवताना सांगशील. जेवताना नाही सांगितलंस. मग वाटलं, सकाळी सांगशील. सकाळी मी मुद्दाम बॅग भरायला वेळ लावला. तू लाकडं फोडत होतास. फोडतच राहिलास."

ओन्नीला ती सकाळ आठवली. लाकडं फोडायची गरज नव्हती. ढीग भरलेला होता.

"आइलीला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

म्हणजे नाताळची ती कॉफी तिने सगळं माहीत असून ओतली होती. ओन्नीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हात चादरीखाली असल्याने पुसताही येईना. वेस्लीने ते पाहिलं. त्याने टॉवेल दिला नाही. थोड्या वेळाने त्याने गळ्याची गाठ सोडली.

"मी माफी..." ओन्नीने सुरुवात केली.

"मला सांगून काय उपयोग? मला तर ठाऊकच होतं. त्यांना सांग."

त्या वर्षी हंगामाच्या आदल्या दुपारी झोपडीत सगळे जमले होते. कल्ले काकांच्या सुनेने मांस, बटाटे आणि सलगम भरलेल्या मोठ्या करंज्या पाठवल्या होत्या, त्या शेगडीवर गरम होत होत्या. ओन्नीने आपली बंदूक खोळीतून काढली आणि टेबलावर दस्ता सगळ्यांकडे करून ठेवली. कुणीतरी ओरडलं, "अरे, ओन्नीने गादी बसवली!" हशा पिकला. हसू ओसरेपर्यंत ओन्नी थांबला आणि मग उभ्यानेच सगळं सांगितलं. खाणीतलं फुसकं काडतूस, मिटलेले डोळे, काकांना दिलेलं उत्तर. काही वगळलं नाही, काही रंगवलं नाही. शेवटी सांगायचं सुचेना म्हणून तो म्हणाला, "तर असं आहे," आणि उभाच राहिला.

शेगडीवरची करंजी करपायला लागली तरी कुणी उठलं नाही.

सगळ्यांच्या नजरा काकांकडे होत्या. काका ओन्नीकडे बघतच नव्हते. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. "मी त्याला न्हावी म्हणालो," ते म्हणाले. "शहरी म्हणालो. आणखी काय काय म्हणालो, ओन्नी?"

"जाऊ दे ना, काका."

"जाऊ दे कसं? तू मला बोलायला लावलंस." म्हातारा उठला, कोट घातला. "गाडी काढ कुणीतरी."

दुसऱ्या दिवसापासून हंगाम सुरू व्हायचा होता, आणि कल्ले काका जन्मात पहिल्यांदा त्या दुपारी झोपडी सोडून गावात गेले. वेस्लीच्या घराच्या पायरीवर ते टोपी काढून उभे राहिले. आत काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. परत आले ते एकटेच. "तो येणार नाही म्हणाला," एवढंच बोलून ते अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडले. आपल्या एका उत्तराने म्हाताऱ्याला या वयात परक्याच्या दारात टोपी काढावी लागली, हे बघताना ओन्नीला वाटलं, आपल्याला कुणी शिव्या तरी घालाव्यात. कुणी घातल्या नाहीत. फक्त पत्ते खेळायला बसताना त्याला कुणी बोलावलं नाही.

वेस्ली पुन्हा कधीच त्या झोपडीत आला नाही. आइलीचं येणं-जाणं सुरू झालं, नाताळला तोही येऊ लागला. ओन्नीशी तो बोलायचा, हवापाण्याचं, गाडीचं, मुलांचं. केसही नीट कापायचा. पण ओन्नीने एकदा भीत भीत विचारलं, "या वर्षी येतोस का रानात?" तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं, "नाही रे. मला तिथे आता चांगलं वाटत नाही." त्यात राग नव्हता, म्हणून त्यावर इलाजही नव्हता.

ओन्नीची एक नवी सवय मात्र लोकांच्या लक्षात आली. कुणाचंही जनावर जखमी होऊन पळालं की तो हातातलं काम टाकून मागावर जायचा, अगदी दुसऱ्यांच्या रानातही. सापडेपर्यंत परतत नसे.

बऱ्याच वर्षांनी गावात नवे पाद्री आले. चाळिशीतले, पहिल्यांदाच शिकारीला निघालेले. एका सकाळी त्यांच्या जागेवरून बार ऐकू आला, आणि थोड्या वेळाने ते झोपडीत येऊन म्हणाले, "वरून गेली गोळी. पूर्ण चुकली." म्हणताना त्यांनी ओठ ओले केले. ओन्नी शेगडीपाशी कॉफी ओतत होता. त्याने किटली खाली ठेवली.

"चला, बघून तरी येऊ," तो म्हणाला.

"कशाला उगीच? चुकली म्हटलं ना."

"असू दे. पाय मोकळे होतील."

जागेपासून जरा पुढे, वाळलेल्या नेच्यावर रक्ताचे दोन थेंब होते. पाद्रींनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "मला वाटलं होतं..." ते म्हणाले. "म्हणजे, मला दिसलं होतं ते अडखळताना. सगळे हसतील म्हणून मी..." ते थांबले. "देव मला..."

"देवाचं नंतर बघू," ओन्नी म्हणाला. "आधी हरीण."

तो पुढे झाला. पाद्री खालमानेने मागे. चालता चालता, मागे न वळता, ओन्नीने त्यांना त्या नराची गोष्ट सांगितली. जबड्याची, वेस्लीची, काकांच्या टोपीची. मध्येच वाकून तो एखादं पान उलटायचा, रक्त बोटाला लावून बघायचा आणि पुन्हा सांगू लागायचा. दुपार कलल्यावर बीव्हर नावाच्या प्राण्यांनी ओढ्याला बांध घालून केलेल्या तळ्याकाठी त्यांना ती हरिणी बसलेली सापडली, मागच्या पायात गोळी घेऊन. पाद्रींनी बंदूक खांद्याला लावली.

"घाई नाही," ओन्नी म्हणाला. "डोळे उघडे ठेवा."